‘मर्यादेत आढळले’ : घरगुती पेयजलातील धातूंच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिकांतून पाण्याच्या गुणवत्तेवर प्रसिद्ध होणाऱ्या शोधनिबंधांचा एक ठरावीक साचा तयार झाला आहे. प्रथम तालुक्याचा भौगोलिक परिचय, मग नमुना-स्थळांचा नकाशा, त्यानंतर सामू, कठीणपणा, क्लोराइड, एकूण विरघळलेले क्षार यांचे तक्ते आणि अखेरीस चार-पाच जड धातूंचे स्तंभ. या शेवटच्या स्तंभांखाली बहुधा एकच वाक्य असते : ‘सर्व धातूंचे प्रमाण विहित मर्यादेत आढळले.’ निबंध तेथे संपतो, परीक्षक समाधानी होतो आणि वाचकही निश्चिंत होतो. प्रस्तुत लेखात या एका वाक्याची चिकित्सा करावयाची आहे. ते खोटे असते असे येथे म्हणावयाचे नाही. ते कोणत्या पाण्याविषयी, कोणत्या उपकरणाच्या बळावर आणि कोणत्या मर्यादेच्या संदर्भात लिहिले जाते, एवढेच तपासावयाचे आहे.

सदर टीका परकीय भूमिकेतून केलेली नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखिकेच्या एम.फिल. प्रबंधिकेत हेच वाक्य तीन ठिकाणी आले आहे. त्यासाठी घेतलेला प्रत्येक नमुना तोटी दोन-तीन मिनिटे मोकळी सोडून, मग बाटलीत भरलेला होता. मार्गदर्शक पुस्तिकेत तसेच लिहिले होते आणि तोंडी परीक्षेत त्याविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न लेखिकेला स्वतःलाही पुढे काही वर्षे पडला नाही.

नमुना कोणत्या पाण्याचा?

तोटी मोकळी सोडण्याची सूचना मुळात जीवाणूशास्त्रातून आलेली आहे. मुख्य वाहिनीतील पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू आहेत किंवा नाहीत हे पाहावयाचे असेल, तर तोटीच्या तोंडाशी साचलेली घाण नमुन्यात येऊ नये, म्हणून पाणी वाहू देणे योग्यच आहे. धातूंच्या बाबतीत मात्र हीच कृती अभ्यासविषयच वाहून घालवते. शिसे, तांबे, जस्त, निकेल हे धातू पुष्कळदा नदीतून वा धरणातून येतच नाहीत. ते घराच्या शेवटच्या काही मीटरांत पाण्यात उतरतात : जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळातून, पितळी तोटीतून, डाग दिलेल्या सांध्यातून. पितळेवर यंत्रकाम सुलभ व्हावे म्हणून त्यात शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे. नळाच्या मुलाम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जस्तात शिसे व कॅडमियम ही अशुद्धी म्हणून असू शकतात. पीव्हीसी नळांच्या उत्पादनात शिशाची संयुगे स्थिरक म्हणून वापरली जात आली. ती हटविण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियम केले, पण त्यापूर्वी भिंतींत बसविलेले नळ आजही भिंतींतच आहेत.

अशा नळात पाणी रात्रभर थांबले की धातू विरघळण्यास वेळ मिळतो. पाणी किंचित आम्लधर्मी, मृदू वा कमी क्षारांचे असेल, तर ही क्रिया अधिक होते. उष्ण पाण्यात तर आणखीच. सकाळी तोटीतून येणारे पहिले लिटरभर पाणी आणि तीन मिनिटांनंतरचे पाणी ही रासायनिकदृष्ट्या दोन वेगळी पाणी असतात. आपल्या तक्त्यांत दुसऱ्याची नोंद होते. घरात चहाला आधण पडते ते पहिल्याचे.

नमुना घेण्याच्या या एवढ्याशा तपशिलाचे परिणाम किती दूर जाऊ शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात घडले. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी शहराने डेट्रॉइटकडून येणारे पाणी थांबवून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यास प्रारंभ केला. नव्या पाण्यात नळांच्या आतील भागावर संरक्षक थर राखणारे फॉस्फेट मिसळले गेले नाही. जुन्या शिशाच्या जोडनळ्यांवरील थर सुटू लागला आणि शिसे घराघरांत पोहोचले. तरीही अधिकृत अहवालांत शहर सुरक्षित दिसत होते. कारण नमुन्यासाठी बाटली भरणाऱ्या रहिवाशांना आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवण्याची सूचना होती. शिवाय २०१५ च्या पूर्वार्धातील ७१ नमुन्यांपैकी दोन गणनेतून वगळण्यात आले आणि त्यासरशी शहर प्रति लिटर १५ मायक्रोग्रॅम या कृतिमर्यादेच्या खाली आले. त्याच वर्षी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने रहिवाशांकडून तोटी न सोडता पहिल्या पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा नव्वदाव्या शतमकाचे मूल्य सुमारे २७ मायक्रोग्रॅम आले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातील शिशाची आकडेवारी पुढे आणल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नमुन्यापूर्वी नळ सोडू नये, तोटीची जाळी काढू नये, असे मार्गदर्शन प्रसृत केले. तात्पर्य, फ्लिंटमध्ये प्रयोगशाळेने मोजणीत चूक केली नव्हती. तिने जे पाणी हाती आले ते बिनचूक मोजले.

‘आढळले नाही’ याचा अर्थ

दुसरा मुद्दा उपकरणाचा आहे आणि तो आपल्यासारख्या महाविद्यालयांना अधिक लागू आहे. अनेक महाविद्यालयांत उपलब्ध असणारे किंवा जवळच्या विद्यापीठात वेळ मागून वापरावयास मिळणारे उपकरण म्हणजे ज्वाला पद्धतीचा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर. लोह, जस्त, तांबे यांच्यासाठी तो पुरेसा आहे. शिशासाठी थेट ज्वाला पद्धतीची शोधमर्यादा प्रति लिटर ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असते. भारतीय मानकातील शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या तिप्पट शिसे पाण्यात असले, तरी हे उपकरण ‘शोधमर्यादेखाली’ असेच उत्तर देणार. आणि त्या उत्तराचे निबंधात ‘मर्यादेत आढळले’ असे भाषांतर होणार. शोधमर्यादा ही उपकरणाची आणि विहित मर्यादा ही आरोग्याची. दोन्हींत ‘मर्यादा’ हा एकच शब्द असल्याने मराठीत ही गल्लत अधिकच सहज होते.

नमुना आधी रासायनिक निष्कर्षणाने संहत करणे, अथवा ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस पद्धतीने मोजणी करून घेणे, हे उपाय सर्वज्ञात आहेत. ते परवडत नसतील तर शिशाचा स्तंभ तक्त्यात घालू नये, इतके तरी करता येईल. बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू दोनच्या खाली आणला नाही, तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. नमुना आधी गाळला, तर कणरूप शिसे गाळणकागदावरच राहते. पाणी पिणारा माणूस ते गाळत नाही. या दोन बाबींचा उल्लेख ‘साहित्य व पद्धती’ या भागात अपवादानेच सापडतो.

येथेच घरोघरी फिरणाऱ्या विक्रेत्याच्या हातातील टीडीएस-मापकाचाही निर्देश करावयास हवा. एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम. शिशाची मर्यादा तिच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ज्या काट्यावर पोते तोलतात, त्यावर गुंजभर सोन्याचा हिशेब होत नाही. तरीही कमी आकडा दिसला की कुटुंब निर्धास्त होते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरीही हेच घडले आहे.

मानक कसे वाचावे?

‘विहित मर्यादा’ म्हणून ज्याचा हवाला दिला जातो, ते आय.एस. १०५०० हे भारतीय मानक ब्यूरोचे मानक होय. ते १९८३ मध्ये प्रथम आले. १९९१ व २०१२ मध्ये सुधारले गेले आणि त्यानंतरही त्यात दुरुस्त्या झाल्या. निबंधांत त्याचा आकडा उद्धृत होतो, आवृत्तीचे वर्ष क्वचितच. शिशाची मर्यादा १९९१ मध्ये ०.०५ होती, २०१२ मध्ये ०.०१ झाली. पाणी तेच, नळ तोच. पण जुन्या तक्त्यातील ‘मर्यादेत’ असलेले ०.०४ हे मूल्य आज चौपट ठरते. आर्सेनिकच्या बाबतीत २०१२ च्या आवृत्तीत स्वीकारार्ह मर्यादा ०.०१ आणि पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा ०.०५ अशी दोन मूल्ये होती. नंतरच्या दुरुस्तीने दुसरी सवलत काढून घेण्यात आली. जुने पुस्तक हाताशी धरून लिहिणाऱ्याला आजही ०.०३ आर्सेनिकचे पाणी ‘मर्यादेत’ दाखविता येईल.

या दोन स्तंभांचा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. दुसरा स्तंभ सोयीचा म्हणून वापरला जातो, परंतु तो ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ या अटीने बांधलेला आहे. पर्याय होता की नव्हता, याची चौकशी केलेला निबंध प्रस्तुत लेखिकेच्या वाचनात आलेला नाही. अट गळते आणि आकडा उरतो.

शिशाबाबत तर मर्यादा या संकल्पनेचाच पाया डळमळीत झाला आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी १९९१ मध्ये प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३.५ झाली. अन्नातील शिशासाठी पूर्वी ठरविलेले साप्ताहिक सहनीय प्रमाण संयुक्त आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मागे घेतले; नवे प्रमाण दिले नाही, कारण सुरक्षित म्हणावे असे प्रमाण सांगता येईना. शिसे शरीरात कॅल्शियमच्या वाटेने शिरते. प्रौढांच्या तुलनेत लहान मुलांच्या आतड्यातून ते कित्येक पट अधिक शोषले जाते. आहारात लोह कमी असेल तर आणखी अधिक. रक्तद्रव्य तयार करणाऱ्या विकरांना ते अडवते, हाडांत दशकानुदशके साठून राहते आणि गर्भारपणात हाडांतील कॅल्शियम सुटू लागले की त्याच्याबरोबर पुन्हा रक्तात उतरते. बुद्ध्यंकातील घट ही अल्प पातळीवरही दिसते आणि ती भरून निघत नाही. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या समाजात एकाच तीव्रतेचे पाणी दोन मुलांना दोन तऱ्हांनी बाधू शकते, ही गोष्ट मानकाच्या एका आकड्यात मावणारी नाही.

तांबे, पितळ आणि कळकणे

आतापर्यंतचे विवेचन नळाविषयी झाले. परंतु महाराष्ट्रातील घरात पाणी नळापाशी थांबत नाही. ते हंड्यात, कळशीत, पिंपात, तांब्यात जाते. अभ्यासकाची बाटली तेथवर जात नाही. वस्तुतः धातू आणि अन्नपाणी यांच्या संबंधाचे ज्ञान या समाजाला प्रयोगशाळेपूर्वीपासून होते, याचा पुरावा भाषेतच आहे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक वा आमटी ठेवली की ती ‘कळकते’. हे क्रियापद एका रासायनिक घटनेचे नाव आहे : आम्लात तांबे उतरल्याने चव व रंग बिघडणे. ज्या समाजाने यासाठी स्वतंत्र क्रियापद घडविले, त्याने त्यावरचा उपायही घडविला होता. दारावर येणारा कल्हईवाला हा एका अर्थी सार्वजनिक आरोग्याचा सेवक होता. त्या ज्ञानाची सीमाही मान्य करावयास हवी. ते जिभेचे ज्ञान होते. तांबे जिभेला कळते, शिसे कळत नाही. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असेल, तर रक्षण करणारा थरच बाधक होतो आणि पदार्थ मात्र कळकत नाही.

दूध हे ताकाइतके आम्लधर्मी नाही, ते कळकल्याचे कळतही नाही. आणि नेमके तेथेच हे ज्ञान अपुरे पडले. भारतीय बालयकृत्काठिण्य या नावाने ओळखला जाणारा आजार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना होई आणि बहुधा प्राणघातक ठरे. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते, हे १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले गेले. त्या लेखाच्या कर्त्यांत ब्रिटनमधील स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर पुण्याचे डॉ. आनंद पंडित होते. १९८३ मध्ये टॅनर, डॉ. शीला भावे, डॉ. पंडित प्रभृतींनी त्याचा संबंध पितळी भांड्यांत तापविलेले व ठेवलेले जनावराचे दूध बाळाला लवकर सुरू करण्याशी जोडला. दुधातील केसीन तांब्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अशा दुधातून साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तांबे बाळाच्या पोटात जाते. स्तनपानावर असलेली मुले यातून वाचत. पितळेच्या जागी स्टेल्नेस स्टील आले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. केवळ तांबे कारण की काही मुलांत आनुवंशिक दुर्बलताही, हा वाद मिटलेला नाही. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी व दूध हाच धागा होता आणि तेथे आनुवंशिकतेकडेही बोट दाखविले गेले. जर्मनीत काही घरांत खासगी विहिरीचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळांतून येत असे; त्या पाण्यात कालविलेल्या बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांतही असा विकार आढळला. तेथे भांड्याची जागा नळाने घेतली होती.

पुण्यातील हे काम प्रस्तुत लेखिकेला आदर्शवत वाटते, ते त्यातील प्रश्नामुळे. ‘परिसरातील पाण्यात तांबे किती?’ असे त्या संशोधकांनी विचारले नाही. बाळाला पहिले वरचे दूध कधी दिले, कोणत्या भांड्यात तापविले, कशात ठेवले, असे त्यांनी आयांना विचारले. विहिरीचे शंभर नमुने घेऊन हे उत्तर मिळाले नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला आज तांब्याच्या भांड्यातील पाण्याचा गौरव आहे. त्यालाही आधार आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जीवाणू नष्ट झाले आणि पाण्यात तांबे प्रति लिटर सुमारे ०.१७७ मिलिग्रॅम उतरले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा २ मिलिग्रॅम असल्याने हे पाणी सुरक्षित ठरले आणि प्रौढांच्या बाबतीत त्यास हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. आपल्या मानकानुसार मात्र ते स्वीकारार्ह ०.०५ च्या वर आणि अनुज्ञेय १.५ च्या खाली येते. म्हणजे कोणता स्तंभ निवडला, त्यावर ते ‘मर्यादेबाहेर’ वा ‘मर्यादेत’ ठरते. लिंबू पिळलेले पाणी त्याच भांड्यात ठेवले, किंवा त्या पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालविले, तर या अभ्यासाचा हवाला देता येत नाही. समाजमाध्यमांवरील संदेशांत हा भेद नसतो, हे समजण्यासारखे आहे. महाविद्यालयीन व्याख्यानांतही तो नसावा, हे खेदजनक आहे.

जे तपासले नाही

आर्सेनिकची कथा वेगळ्या प्रकारची. येथे धातुसदृश मूलद्रव्य भूजलातच असते, नळाचा वा भांड्याचा दोष नसतो. तरी आपल्या वाक्याशी तिचा निकटचा संबंध आहे. बांगलादेशात पटकी व अतिसारापासून मुक्तता मिळावी म्हणून लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. जीवाणूंच्या दृष्टीने ते पाणी शुद्ध होते. सीमेअलीकडे पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्येच आर्सेनिकजन्य त्वचाविकाराचे रुग्ण ओळखले होते : तळहात-तळपाय राठ होणे, अंगावर काळे डाग पडणे, पुढे त्वचा, मूत्राशय व फुप्फुस यांचे कर्करोग. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील भूजलाची रासायनिक तपासणी केली. तीत आर्सेनिक नव्हते, म्हणजे तपासणीच्या यादीत नव्हते. पुढच्याच वर्षी नवाबगंज भागात ते पाण्यात सापडले. बाधित ग्रामस्थांच्या वतीने बिनोद सूत्रधर यांचा दावा लंडनपर्यंत गेला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. अहवालकर्त्यांवर त्या ग्रामस्थांप्रति काळजीचे कर्तव्य येत नाही, असा निर्णय झाला. पाणी पिण्यास योग्य आहे असे अहवालात कोठेही म्हटलेले नव्हते. ते वाचणाऱ्यांनी गृहीत धरले.

कायद्याने तो निर्णय योग्य असेलही. परंतु आपण अध्यापक आहोत आणि आपल्या निबंधाचे वाचक पुष्कळदा त्या गावचेच असतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर महाविद्यालयाचा अहवाल लावलेला लेखिकेने पाहिला आहे.

काय करता येईल

फार मोठ्या निधीची गरज नाही. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विहिरी व बोअरवेल यांचे वीस नमुने घेण्याऐवजी विद्यार्थिनींना स्वतःच्या घरचे दोन नमुने आणावयास सांगावेत : पहाटे तोटी उघडताच भरलेला एक आणि नळ वाहिल्यानंतरचा एक. सोबत नळ कशाचा, किती वर्षांचा, पाणी किती तास थांबले होते, पिण्याचे पाणी कोणत्या भांड्यात राहते, घरात तान्हे मूल वा गर्भवती आहे काय, याची नोंद. मोजणी बाहेरून करून घ्यावी लागेल. वीस धातूंऐवजी एका शिशाची करावी. घरात शिसे सापडले तर आईला काय सांगावयाचे, हे नमुना घेण्यापूर्वी ठरवावे. पाणी उकळा असे सांगून भागणार नाही; उकळल्याने जीवाणू मरतात, धातू उलट संहत होतो. गिझरचे पाणी स्वयंपाकास घेऊ नये, पहिले पाणी भांड्यांना, झाडांना वापरावे, हा सल्ला पुस्तकी दृष्ट्या बरोबर आहे.

तथापि हा सल्ला चोवीस तास पाणी असलेल्या शहरांत तयार झाला आहे. आपल्याकडील कित्येक गावांत नळाला एक दिवसाआड, कोठे आठवड्याने पाणी येते. तेवढे दिवस उरलेसुरले पाणी नळातच थांबते. पाणी येण्याची वेळ झाली की बाया रांगेने कळशा लावतात आणि ते थांबलेले पाणी प्रथम पिण्याच्या हंड्यात जाते, कारण शेवटपर्यंत धार टिकेल याची शाश्वती नसते. त्या पहिल्या कळशीतील धातूंचे मापन, लेखिकेच्या वाचनातील एकाही निबंधात नाही.